लेझर टॅगचे एक वर्ष आणि बंद बंदुकीचे ८ सेकंद

गेल्या वर्षभरात मी लेझर टॅगचे, म्हणजे अंधाऱ्या जागेत प्रकाशाच्या बंदुकीने एकमेकांना टिपण्याच्या खेळाचे, ११२ डाव खेळलो. आकडा अंदाजाचा नाही. पहिल्या आठवड्यापासून मी एका लहान वहीत नोंदी ठेवत आलो आहे : डाव कोणत्या प्रकारचा होता, संघात किती भिडू होते, मी किती जणांना टिपले, मला किती वेळा टिपले गेले आणि बाहेर आल्यावर सर्वांत आधी मनात काय आले. वर्ष पूर्ण झाले म्हणून परवा ती वही सलग वाचून काढली, तेव्हा खेळताना जिच्याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते अशी एक गोष्ट पानापानावर दिसू लागली. तिच्याविषयी इथल्या खेळणाऱ्यांशी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा.

आमचा डाव १५ मिनिटांचा असतो. जॅकेटावरच्या सेन्सरला कोणाचा नेम लागला की जॅकेट थरथरते, त्यावरचे दिवे मालवतात आणि पुढचे ८ सेकंद बंदूक चालत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मला एका डावात साधारण ४० वेळा टिपले जात असे. त्याचा हिशेब ३२० सेकंद होतो. म्हणजे ९०० सेकंदांच्या डावातला एक तृतीयांशाहून अधिक वेळ मी बंद पडलेली बंदूक हातात धरून काढत होतो, आणि त्या वेळेत मी काय केले याविषयी वहीत एकही ओळ नव्हती. नेम कसा धरावा, ट्रिगर किती भरभर दाबावा, कोणत्या कोपऱ्यातून मधला भाग दिसतो, यांवर पानेच्या पाने भरली होती. प्रत्यक्षात माझ्या खेळात जी काही सुधारणा झाली, ती जवळजवळ सगळी त्या न लिहिलेल्या ८ सेकंदांत झाली, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवातीला टिपला गेलो की मी होतो तिथेच उभा राहायचो, बंदूक चालत नाही हे ठाऊक असूनही ट्रिगर दाबत राहायचो आणि दिवे पुन्हा लागताच त्याच जागी, त्याच माणसाकडून पुन्हा टिपला जायचो. तो माणूस कुठेही गेलेला नसायचा. मनातल्या मनात सेकंद मोजत, बंदूक रोखून तो तिथेच उभा असायचा. मुरलेल्या गड्यांना हे ८ सेकंद घड्याळाशिवाय अचूक मोजता येतात, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले.

हा खेळ नावाप्रमाणे लेझरचा नाही, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. डोळ्यांना दिसणारी लाल किंवा हिरवी रेघ असलीच तर ती बहुतेक यंत्रणांत दिखाव्यापुरती असते. नेम लागतो तो अवरक्त किरणांनी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तशाच एलईडीच्या प्रकाशाने. त्या प्रकाशातून टिपणाऱ्याचा क्रमांक आणि त्याचा संघ यांचा सांकेतिक निरोप जातो, म्हणून तर आपले जॅकेट थरथरताच बंदुकीच्या छोट्या पडद्यावर त्याचे नाव उमटते. कितीतरी आठवडे मी ते नाव केवळ चिडून वाचत असे. त्या क्षणी कोणी टिपले एवढेच कळत नाही, तर अंगाच्या कोणत्या बाजूला नेम लागला हे कळते आणि त्या बाजूला आडोसा नसलेली मोकळी रेष कोणती, हेही थोड्या विचाराने कळते. पाठीचा सेन्सर लागला असेल आणि माझ्या मागे एकच फट असेल, तर तो माणूस कुठे उभा आहे हे वळून पाहण्याची मला गरज नसते. हे सगळे भिडूंना ओरडून सांगायला ८ सेकंद पुरेसे असतात, आणि सांगूनही पाच-सहा पावले सरकायला वेळ उरतो.

अंधाराबद्दल थोडे लिहायला हवे. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळ्यांतल्या दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी, पूर्णपणे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. आपला डाव १५ मिनिटांत संपतो. म्हणजे डोळे तयार होण्याआधीच खेळ आटोपलेला असतो, आणि मध्ये कोणाच्या जॅकेटाचा झगझगीत उजेड डोळ्यांवर आला तर कमावलेलेही काही अंशी जाते. म्हणून मी आता सूचना ऐकतानाच खोलीच्या कमी उजेडाच्या बाजूला उभा राहतो आणि त्या वेळात फोनच्या पडद्याकडे बघत नाही. दुसरी सवय अशी की, अंधुक जागी काही हलल्याचा भास झाला तर मी सरळ तिथे न बघता किंचित बाजूला नजर लावतो, कारण दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात आणि अंधारात बाजूची नजरच जास्त टिपते. या दोन्ही गोष्टी मला बंद बंदुकीच्या वेळात उमजल्या. बंदूक चालू असली की माणूस नेम धरण्यात गुंतलेला असतो, त्याला बघायला सवड नसते.

पाचव्या महिन्यातला एक प्रसंग सांगतो. दोन पार्टिशनांच्या मध्ये, जेमतेम खांदे मावतील एवढ्या जागेत मी उभा होतो. उजव्या खांद्यावर नेम लागला. छातीवरचा निळा दिवा मालवल्याबरोबर समोरच्या भिंतीवर पडलेला माझाच उजेड नाहीसा झाला, आणि इतका वेळ मी स्वतःच स्वतःचा ठावठिकाणा दाखवत होतो हे एकदम जाणवले. पलीकडे धुराच्या यंत्राने बारीक फुसकारा टाकला. मग बुटाचा रबरी तळवा जमिनीवर घासल्याचा आवाज आला, डावीकडून, आणि पाठोपाठ तसाच दुसरा, पण उजवीकडून. म्हणजे ते दोघे होते आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मला गाठणार होते. मी श्वास आवरून दोन पावले मागे सरकलो, पाठ भिंतीला लावली आणि मोजू लागलो. सहा, सात. आठव्याला जॅकेट उजळले तेव्हा दोघेही मी आधी उभा होतो त्या रिकाम्या जागेवर बंदुका रोखून होते. दोघांनाही टिपले. वर्षभरात याहून चांगले खेळलेले डाव आहेत, पण इतका लख्ख आठवणारा दुसरा नाही.

एका गोष्टीची खंत आहे, तीही लिहितो. सातव्या महिन्यात एका तरुण खेळाडूवर मी सर्वांसमोर सेन्सर झाकल्याचा आरोप केला. सहा-सात वेळा सरळ छातीवर नेम धरूनही त्याचे जॅकेट ढिम्म हलत नव्हते. डाव संपल्यावर मार्शलने, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणाऱ्याने, ते जॅकेट तपासले, तर छातीच्या सेन्सरची तारच सैल निघाली. तो मुलगा काही बोलला नाही, जॅकेट टांगून निघून गेला. पुढच्या आठवड्यात मी त्याला गाठून माफी मागितली आणि त्याने ती मोकळेपणाने स्वीकारली, पण त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. ज्या खेळात पंच प्रत्येक वळणावर उभा नसतो, तिथे समोरच्याच्या सचोटीवर शंका घेण्याआधी यंत्रावर शंका घ्यावी, हे मी त्या दिवसापासून पाळत आलो आहे. आता डाव सुरू होण्यापूर्वी आम्ही भिडू एकमेकांचा प्रत्येक सेन्सर एकेकदा टिपून बघतो. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत मला टिपले जाण्याची सरासरी ४० वरून २३ वर आली आहे. मी टिपलेल्यांचा आकडा मात्र फारसा हललेला नाही. माझा नेम होता तसाच आहे. मी कुठे उभा असतो एवढेच बदलले आहे. आपण त्या बंद वेळात काय करता, आणि आपल्याकडे तो वेळ किती सेकंदांचा असतो, हे वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

लेख मनापासून आवडला. मी बाहेरच्या मैदानावर खेळण्यासाठी बंदुका स्वतः जोडतो, त्यामुळे आपण म्हणता त्या ‘निरोपा’विषयी थोडी भर घालतो. हौशी मंडळींत माइल्सटॅग नावाची पद्धत बरीच चालते. तिच्यात आधी २.४ मिलिसेकंदांचा एक लांब झोत जातो, तो ‘आता निरोप येत आहे’ अशी खूण असतो. त्यानंतर १ या अंकासाठी १.२ आणि ० साठी ०.६ मिलिसेकंदांचा झोत, आणि दोन झोतांमध्ये ०.६ मिलिसेकंदांची उसंत. टिपण्याच्या निरोपात ० किंवा १ चे असे १४ अंक, म्हणजे बिट, असतात : पहिला निरोपाचा प्रकार सांगतो, पुढचे ७ खेळाडूचा क्रमांक, २ संघ आणि शेवटचे ४ किती नुकसान झाले ते. ७ बिटांत १२८ खेळाडू बसतात आणि २ बिटांत ४ संघ. हा सगळा निरोप पोहोचायला २० ते २८ मिलिसेकंद लागतात, आणि झोत सलग नसतो. तो सेकंदाला हजारो वेळा, बहुधा ३८ किंवा ५६ किलोहर्ट्झच्या गतीने लुकलुकत असतो. सेन्सर नेमकी तीच लुकलुक ओळखतो, म्हणून दिव्यांचा आणि उन्हाचा स्थिर प्रकाश त्याला फसवत नाही. कडक उन्हात तो दिपून जातो आणि पल्ला घटतो, ते वेगळे.

यातून खेळाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. एकाच सेन्सरवर दोघांचे झोत एकाच वेळी पडले तर निरोप एकमेकांत मिसळतात आणि कोणाचाच वाचला जात नाही. दोघा भिडूंनी एकावरच तुटून पडण्यात हा तोटा आहे. दुसरे असे की, केर काढल्यासारखी बंदूक इकडून तिकडे फिरवत ट्रिगर दाबला तर लांबच्या सेन्सरवर निरोप अर्धाच पोहोचतो. बंदूक क्षणभर स्थिर ठेवून टिपलेले बरे.

आपल्या एका विधानाशी मात्र मी सहमत नाही. पाठीचा सेन्सर लागला म्हणजे माणूस पाठीमागेच आहे, असे खात्रीने धरता येत नाही. फिकट रंगाची भिंत, आरसा, चकचकीत पत्रा यांवरून अवरक्त किरण परततात. माझ्या घरच्या खोलीत चाचणी घेताना भिंतीकडे बंदूक केली तरी माझेच दुसरे जॅकेट वाजते. फोनच्या कॅमेऱ्यातून बंदुकीच्या तोंडाकडे पाहिलेत, तर अनेक फोनांत तो प्रकाश फिकट जांभळा दिसतो. परतलेला डागही अंधाऱ्या खोलीत कधीकधी दिसतो.

धागाकर्ता

परतलेल्या किरणांचा विचार मी खरोखर केला नव्हता. आमच्या तळमजल्यावर एका वळणापाशी आरसे आहेत, आणि वहीत त्या जागेविषयी तीनदा ‘कोण, कुठून, कळले नाही’ असेच लिहिलेले आहे. ते आता उलगडले. झोत एकमेकांत मिसळण्याचा मुद्दा उद्याच भिडूंना सांगतो, कारण एकावर तिघांनी तुटून पडणे ही आमची ठरलेली चाल आहे.

प्रतिसाद २

‘बंद वेळ’ या कल्पनेला जुना इतिहास आहे, म्हणून लिहीत आहे. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावासाठी माइल्स नावाची यंत्रणा तयार करवून घेतली. तिच्यात सैनिकाच्या अंगावरच्या पट्ट्यांवर सेन्सर असत. नेम लागला की कानाशी सलग कर्कश सूर वाजू लागे, आणि तो थांबवायचा असेल तर स्वतःच्या बंदुकीवरच्या लेझरची किल्ली काढून अंगावरच्या पट्ट्यात घालावी लागे. किल्ली निघाली की बंदूक बंद. म्हणजे सूर थांबवण्याची किंमत बंदुकीने चुकवायची, अशी ती योजना होती, आणि तिच्यात ८ सेकंदांनी परत येण्याची सोय नव्हती. पुढे १९८४ मध्ये जॉर्ज कार्टर यांनी डॅलसमध्ये फोटॉन नावाचे पहिले व्यावसायिक केंद्र सुरू केले, आणि १९८६ मध्ये घरी खेळायचे संच बाजारात आले. थोड्या सेकंदांनी परत उभे राहण्याची मुभा मिळाली, तेव्हाच हा प्रकार सराव न राहता खेळ झाला, असे मला वाटते.

जे मोकळ्या जागी खेळतात त्यांच्यासाठी एक गंभीर गोष्ट. एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात एका शाळेच्या आवारात रात्री हा खेळ खेळणारा १९ वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीला बळी पडला. हातातले खेळणे खरे शस्त्र समजले गेले होते. पुढच्याच वर्षी तिथे खेळण्यातल्या बंदुकांच्या टोकाला ठळक नारिंगी रंग असावा, असा कायदा झाला. प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांनी स्वतः जोडलेल्या बंदुका शस्त्रासारख्या दिसू नयेत याची काळजी घेतली असेलच, पण खेळण्याआधी आसपासच्या लोकांना सांगून ठेवावे आणि बंदूक पिशवीत घालूनच नेआण करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद ३

मी चार वर्षे झाडीत खेळते. लेख सुंदर आहे, पण आपला सिद्धान्त आपल्या ८ सेकंदांवर उभा आहे. आमच्याकडे टिपले गेल्यावर हात वर करून स्वतःच्या तळापर्यंत चालत जावे लागते आणि तिथून पुन्हा खेळात यावे लागते. कधी दोन मिनिटे, चढ असेल तर तीन. त्या वाटेने जाताना समोरच्या संघाची मांडणी डोळ्यांसमोर उघडी असते, आणि आमच्यात संकेत असा आहे की बाद गड्याने बघितलेले सांगायचे नाही. बाद झालेला माणूस बोलू लागला तर दबा धरून बसण्याला अर्थच उरत नाही. आपल्या भिडूंना ‘तो डावीकडे आहे’ असे बंद बंदुकीने ओरडून सांगणे मला तरी रास्त वाटत नाही.

धागाकर्ता

हा आक्षेप मी मान्य करतो, पण पूर्णपणे नाही. आमच्या बंद खोलीच्या खेळात बाद गड्याने बोलण्यास मनाई नाही, आणि दोन्ही संघ तेच करतात म्हणून कोणावर अन्याय होत नाही. तरी आपण लिहिल्यानंतर मी विचार केला. ज्याने टिपले त्याची जागा सांगणे मला योग्य वाटते, कारण ती माहिती मी टिपला जाऊन मिळवलेली असते. बंद दिव्यांच्या आडोशाने मुद्दाम शत्रूच्या तळापर्यंत हिंडून येणे आणि मग बोलणे मात्र योग्य नाही. ते मी दोनदा केले आहे आणि यापुढे करणार नाही.

प्रतिसाद ४

मी मार्शलचे काम करतो. सेन्सरची तार सैल असण्याचा प्रकार आपण समजता त्याहून नेहमीचा आहे. जॅकेट ओढून काढतात तेव्हा तारा ढिल्या होतात. जॅकेट दोन्ही हातांनी खांद्यांवरून उचलून काढावे, एवढे सगळ्यांनी पाळले तर निम्मी भांडणे मिटतील. दुसरे, बऱ्याच बंदुका दोन्ही हातांनी धरल्याशिवाय चालत नाहीत. एका हाताने बंदूक धरून दुसऱ्याने छाती झाकू नये आणि पळताना ती कोणाच्या तोंडावर आदळू नये, यासाठी ती सोय असते. काही जण बंदुकीवरच्या पुढच्या हाताच्या सेन्सरवर रबर बांधून ती चुकवतात. कृपया बांधू नका. धावत्या माणसाच्या एका हातात बंदूक असताना समोरच्याचा दात पडलेला मी पाहिला आहे.

प्रतिसाद ५

मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते आणि मी दीड वर्षापासून खेळते. आपण पाचव्या महिन्यातला प्रसंग ज्या आवाजांवर उभा केला आहे, ते मला मिळत नाहीत. तरीही आपले म्हणणे मला पटले, कारण माझाही खेळ त्याच बंद सेकंदांत सुधारला. मी भिंतीला तळहात टेकवते. पार्टिशन लाकडी असेल तर पलीकडून कोणी घासून गेले की हाताला कळते. धुराकडे बघते, माणूस गेला की धूर त्याच्या मागे ओढला जातो आणि थोडा वेळ तसाच वळलेला राहतो. आणि जॅकेट पुन्हा चालू होताना जी बारीक थरथर होते, तिच्याआधी निमिषभर बंदुकीच्या मुठीला ऊब जाणवते असे मला वाटते, पण हा माझा भासही असेल.

अडचण एकच आहे. भिडू ओरडून सांगतात ते माझ्यापर्यंत पोहोचत नाही. अंधारात हाताच्या खुणा दिसत नाहीत.

धागाकर्ता

धुराचे मला कधीही सुचले नसते. हे वाचून काल मुद्दाम तेवढ्याचसाठी एक डाव खेळलो आणि दोनदा धूर वळलेला दिसला.

खुणांबद्दल एक सुचवतो. आमच्याकडे जांभळे अतिनील दिवे आहेत, त्यांत पांढरे सुती हातमोजे चांगलेच उजळतात, कारण कपड्याला पांढरेपणा आणणारी द्रव्ये त्या प्रकाशात चमकतात. अडचण अशी की ते शत्रूलाही दिसतील. म्हणून फक्त डाव्या हाताच्या तळव्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवावा आणि हाताची पाठ काळी ठेवावी, म्हणजे तळवा आपल्या माणसाकडे वळवला तरच खूण दिसेल. तीन खुणा पुरतील असे वाटते : मूठ म्हणजे ‘थांब’, दोन बोटे म्हणजे ‘दोघे आहेत’, आणि तळवा सरळ तुमच्याकडे धरला तर ‘तुमच्या मागे’.

प्रतिसाद ५ चे उत्तर

शिवून घेतले. ‘तुमच्या मागे’ ही खूण बदलावी लागली, कारण तळवा सरळ धरला की मला तो ‘थांब’ वाटतो आणि मी थांबते. आता आम्ही त्यासाठी हात दोनदा उघडतो आणि मिटतो. काल चार डावांत ती खूण सहा वेळा मिळाली, त्यांतल्या चार वेळा मी वेळेत वळले.